भोपळ्यांचे शरद-कार्ड: आधी रंग ठरवा, मग शाई

प्रश्न थोडक्यात असा: शरद ऋतूसाठी भोपळ्यांचे ठसे उमटवून हाताने शुभेच्छापत्र करायचे आहे. पहिल्या प्रयत्नात मार्कर फिरवताच काळ्या रेघा फुटल्या, भोपळे नारिंगी चकत्यांसारखे सपाट दिसले, सोनेरी पावडर अक्षरांबाहेर चिकटली आणि तयार कार्ड धनुष्यासारखे वाकले. ठसे चांगले आहेत, शाई नवी आहे. मग चुकले कुठे, आणि सुरुवातीपासून नीट कसे करावे?

चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा कामाचा क्रम असतो. ठसा हातात आला की तो लगेच उमटवावासा वाटतो. पण ठसा उमटवायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात: रंग कशाने भरणार आणि त्यासाठी कागद कोणता. शाई या दोघांवरून ठरते. हे उलटे केले की चांगली शाईसुद्धा दगा देते.

रंग कोणता, त्यावर शाई

अल्कोहोल मार्कर वापरणार असाल, तर रेघांची शाई अल्कोहोलमध्ये न विरघळणारी हवी. मेमेंटोसारखी पाण्यावर आधारित डाय शाई इथे चालते; मात्र उमटवल्यावर पाच-दहा मिनिटे वाळू द्या, किंवा हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) पाच-सात सेकंद शेकून घ्या. स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई या मार्करखाली हमखास फुटते, कारण मार्करमधला द्रव तिला पुन्हा विरघळवतो. तुमच्या काळ्या रेघा फुटल्या त्याचे कारण बहुधा हेच, किंवा मग रेघ वाळायच्या आत मार्कर फिरला असेल.

जलरंग वापरायचे असतील तर उलटे गणित. मेमेंटो पाण्याने पसरते, म्हणून तिथे स्टेझऑन किंवा पाण्याने न हलणारी आर्काइव्हल शाई घ्यावी. तिसरा मार्ग सगळ्यात खात्रीचा: व्हर्साफाइनसारख्या पिगमेंट शाईने ठसा उमटवा, ओली असतानाच पारदर्शक एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून उठावदार थर होणारी) टाका आणि वितळवा. रेघेला प्लास्टिकचा पातळ कठडा मिळतो. पाणी त्याला लागून थांबते. नवख्या हाताला या कठड्याचा फार आधार होतो, कारण एका कंगोऱ्यातला रंग दुसऱ्यात सहजी जात नाही.

रंगीत पेन्सिलींना वाळलेली कोणतीही शाई चालते. घाई नसेल तर पहिले कार्ड पेन्सिलींनीच करावे असे मी सुचवीन. पेन्सिल चूक सावकाश करू देते, मार्कर क्षणात करून मोकळा होतो.

कागदाचेही तसेच. मार्करसाठी अगदी गुळगुळीत, घट्ट विणीचा पांढरा कार्डस्टॉक, साधारण २१६ ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन). जलरंगासाठी ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद. कोल्ड प्रेसच्या खडबडीत पृष्ठावर ठशाची बारीक रेघ तुटक उमटते. तपकिरी क्राफ्ट कागद शरदाच्या कार्डांत छान शोभतो, पण मार्करचा रंग पारदर्शक असल्याने त्यावर नारिंगीचा मातकट रंग होतो. क्राफ्टवर काम करायचे तर आधी पांढऱ्या पेन्सिलीचा थर द्या आणि त्यावर नारिंगी पेन्सिल चालवा.

पाया कापताना कागदाच्या तंतूंची दिशा बघा

उत्तर अमेरिकेत रूढ असलेले ए-टू कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचांचे, म्हणजे १०८ × १४० मिमी. ते साडेआठ बाय अकराच्या कागदातून दोन प्रकारे निघते, आणि इथेच घडी चिरते की सरळ बसते हे ठरते. कागदातले तंतू एका दिशेने धावतात. घडी तंतूंच्या दिशेने असली तर ती स्वच्छ पडते. आडवी गेली तर पृष्ठ फुटते आणि पांढरे तंतू दिसू लागतात. गडद रंगाच्या, पोटात पांढऱ्या असलेल्या कागदावर हे फारच उघडे पडते.

दिशा ओळखायची तर कागद घडी न घालता नुसता वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. जिकडे कमी जोर लागतो, ती घडीची दिशा. तंतू अकरा इंचांच्या बाजूने धावत असतील तर कागद साडेपाच इंचांवर कापा. साडेपाच बाय साडेआठचे दोन तुकडे मिळतील. प्रत्येकाला सव्वाचार इंचांवर घडी घाला. ही बाजूने उघडणारी घडी तंतूंना समांतर येते. याउलट सव्वाचार बाय अकराची पट्टी कापून साडेपाचवर घडी घातली तर ती तंतूंना आडवी जाते. ए-फोर कागद असेल तर तो १४८.५ मिमीवर अर्धा करा आणि १०५ मिमीवर घडी घाला; १०५ × १४८.५ मिमीचे कार्ड होते आणि ते ११४ × १६२ मिमीच्या सी-सिक्स पाकिटात सैल बसते. पुढची मापे ए-टू कार्डाची आहेत. ए-फोरवाल्यांनी प्रत्येक थर पायापेक्षा तितकाच लहान ठेवावा.

घडीआधी बोथट टोकाने रेघ ओढून खाच पाडा. एका जोराच्या रेघेपेक्षा हलक्या दोन बऱ्या. खाच कार्डाच्या बाहेरच्या बाजूला राहील आणि तिचा उंचवटा आत जाईल अशी घडी घाला. पुष्कळजण हे उलट करतात, आणि घडीवर कागद ताणला जाऊन तडकतो. शेवटी घडीवर साधा कागद ठेवून बोन फोल्डर (घडी दाबायची गुळगुळीत पट्टी) फिरवा. नुसता फिरवला तर गडद कागदावर चकाकणारा पट्टा उठतो.

पायावर दोन थर बसतील. रंगीत पट्टा १०२ × १३४ मिमी, म्हणजे चारही बाजूंना ३ मिमी पाया दिसेल; त्यावर चित्राचा तुकडा ९६ × १२८ मिमी. चित्राचा तुकडा मात्र आधीच या मापाला कापू नका. १०८ × १४० चा घ्या, त्यावर छापा, रंगवा, पार्श्वभूमी करा आणि सगळ्यात शेवटी मापात कापा. कडेला लागलेली बोटे, शाईचे डाग, मार्करचे ओघळ कापताना निघून जातात. शिवाय भोपळे दोन-तीन मिलिमीटर सरकले असतील तर चौकट हलवून ते मध्यावर आणता येतात.

ठसा उमटवणे

पारदर्शक फोटोपॉलिमरचा ठसा नवा असेल तर त्याच्या पृष्ठावर साच्यातला तेलकट अंश राहिलेला असतो. त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि भोपळ्याच्या पोटात पांढरे ठिपके उमटतात. पांढऱ्या खोडरबराने ठसा हलक्या हाताने घासा, भुगा पुसून टाका आणि दोन-तीनदा रद्दी कागदावर छापा. तरीही ठिपके राहिले तर थोडी पिगमेंट शाई लावून पुसा. पृष्ठ शाई धरू लागते. लाल रबराच्या ठशांना ही तयारी सहसा लागत नाही.

ठसा पॅडवर दाबू नका. ठसा उलटा धरून पॅडनेच त्याला हलके थोपटा, म्हणजे शाई फक्त उंच रेघांवर बसते. दाबून शाई घेतली की ती रेघांच्या बगलांत शिरते आणि छाप जाड, मळकट येतो. उजेडात तिरका धरून बघा. सगळीकडे सारखी ओली चमक हवी. फोटोपॉलिमरच्या ठशाखाली, म्हणजे कागदाखाली, दोन-तीन मिलिमीटरचा फोम ठेवा. लाल रबराला मागे स्वतःची गादी असते, त्याला कडक पृष्ठ बरे. ठसा सरळ ठेवा, तो ज्यावर बसवला आहे त्या ठोकळ्याच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर बोटांनी दाब द्या, सरळ उचला. डोलवला की दुहेरी रेघ येते.

मोठ्या भरीव ठशांसाठी स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म (ठसा आणि कागद जागच्या जागी धरणारे साधन) असेल तर जरूर वापरा. छाप कुठे कच्चा आला तर कागद न हलवता त्याच जागी पुन्हा छापता येते. भरीव भोपळा नुसत्या हाताने एका दमात एकसारखा उमटणे अवघडच असते.

आता तीन भोपळ्यांची रचना. जो भोपळा सर्वांत पुढे दिसायचा, तो सर्वांत आधी छापायचा. मग त्याच ठशाचा छाप चिकटचिठ्ठीवर घ्या, चिकट पट्टी जास्तीत जास्त भोपळ्यामागे येईल असा, आणि तो कापा. हा झाला मुखवटा; तो पुढच्या भोपळ्यावर चिकटवून त्याला झाकायचे. कापताना रेघेच्या बाहेरून कापू नका, रेघेवर किंवा केसभर आतून कापा. मुखवटा बाहेरून कापला तर मागचा भोपळा पुढच्याला टेकत नाही आणि दोघांमध्ये पांढरी फट राहते. फार आत कापला तर मागच्या रेघा पुढच्या भोपळ्यावर चढतात. केसभराचे हे काम आहे, इथे धारदार बारीक कात्री आणि धीर दोन्ही लागतात.

मुखवटा लावून मागचा भोपळा छापा. त्याचा तळ पुढच्याच्या तळापेक्षा ४ ते ६ मिमी वर घ्या. तिन्ही तळ एका रेघेत आले की भोपळे फळीवर मांडल्यासारखे दिसतात. मागचे थोडे वर गेले की जमिनीला खोली येते. मोठा भोपळा थोडा डावीकडे, मधला त्याच्या मागे उजवीकडे, लहान सर्वांत पुढे आणि मध्यापासून किंचित सरकलेला, ही मांडणी सहसा फसत नाही. पाने आणि वेलीचे तणावे शेवटी छापा, सगळे मुखवटे जागेवर असताना.

ठसा निवडताना एक गोष्ट बघा. डोळे-तोंड कोरलेला भोपळा ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनचा. त्या दिवसानंतर तो कार्डावर शिळा वाटतो. अखंड भोपळा मात्र कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपासून, अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत चालतो. एकच संच घ्यायचा असेल तर अखंड भोपळ्यांचा घ्या.

भोपळा गोल कसा दिसतो

सपाटपणाची तक्रार बहुतेकांची असते, आणि त्यावर उपाय म्हणून ते आणखी गडद नारिंगी फासत जातात. त्याने भोपळा अधिक भडक होतो, गोल होत नाही. भोपळा म्हणजे एक चेंडू नव्हे. तो शेजारी शेजारी उभ्या केलेल्या फुगीर कंगोऱ्यांचा गठ्ठा आहे, आणि प्रत्येक कंगोऱ्याला स्वतःचा उजेड आणि स्वतःची सावली असते. आधी एकेक कंगोरा गोल करा, मग सगळ्या गठ्ठ्याला मिळून एक मोठी सावली द्या.

उजेड डावीकडून वरून येतो असे धरू. एका भोपळ्याला तीन नारिंगी मार्कर आणि एक विटकरी पुरतात. कॉपिक कंपनीच्या मार्करच्या क्रमांकांत शेवटचा अंक जितका मोठा तितकी छटा गडद, त्यामुळे एकाच गटातले दोन-तीन अंकांच्या अंतराचे मार्कर निवडले की छटा एकमेकींत मिसळतात: वायआर०४, वायआर०७, वायआर०९, आणि खाचांसाठी ई०९. दुसऱ्या कंपनीचे मार्कर असतील तर रद्दी तुकड्यावर तिन्ही छटा शेजारी लावून बघा. पहिली आणि तिसरी यांच्यात स्पष्ट फरक दिसायला हवा. तिघी जवळजवळ सारख्या असतील तर भोपळा सपाटच राहणार, हात कितीही चांगला असो.

कागदाखाली रद्दी कागद घ्या, मार्कर आरपार जातो. एक सोडून एक कंगोरा रंगवा, म्हणजे शेजारचा ओला कंगोरा खाच पुसून टाकणार नाही. आधी सगळ्या कंगोऱ्यावर फिकट नारिंगी द्या, पण वरून साधारण एक तृतीयांशावर, डावीकडे झुकलेली, गव्हाच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडा. तो उजेडाचा ठिपका. पृष्ठ ओले आहे तोवर मधली छटा देठाकडून खाली आणि तळाकडून वर, झटक्याने, टोकाला निमुळती होईल अशी ओढा. दोन्ही खाचांच्या कडेनेही ती न्या, उजवीकडे थोडी जास्त. मग गडद नारिंगी फक्त खाचेत, देठाच्या खळग्यात आणि तळाशी. आता उलटे फिरा: गडद आणि मधलीच्या सांध्यावर मधली छटा, मधली आणि फिकटच्या सांध्यावर फिकट. हे परतणे टाळले की पट्टे उठून दिसतात. रेघेपर्यंत मार्कर नेऊ नका, अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा; रंग उरलेले अंतर स्वतः चालतो.

सगळे कंगोरे झाले आणि वाळले की विटकरी छटेने सर्वांत उजवीकडचे एक-दोन कंगोरे आणि संपूर्ण तळ हलकेच गडद करा. हीच ती मोठी सावली, आणि भोपळा तिनेच खरा गोल होतो. सावलीला काळा लावू नका. नारिंगीवर काळा मिसळला की घाणेरडा हिरवट-तपकिरी रंग येतो. जमिनीवर पडलेल्या सावलीला मात्र निळसर करडा द्या. निळा हा नारिंगीचा विरुद्ध रंग, त्यामुळे शेजारचा भोपळा उजळतो. ही सावली तळाला चिकटून, उजवीकडे पसरलेली, बाहेर फिकट होत जाणारी हवी. ती नसेल तर भोपळे हवेत तरंगतात.

जलरंगातही हाच क्रम: एक सोडून एक कंगोरा, आधी पातळ पिवळट नारिंगी, ओले असतानाच खाचेत दाट रंगाचा एक थेंब. थेंब स्वतः पसरतो. त्याला कुंचल्याने ढकलत बसू नका. अर्धवट वाळलेल्या भागात पाणी गेले की फुलकोबीसारखी कड उठते, म्हणून एक तर पूर्ण ओले असताना काम करा, नाही तर पूर्ण वाळू द्या.

तीनही भोपळे नारिंगी करण्याचा आग्रह नको. जाराडेल नावाचा ऑस्ट्रेलियन भोपळा निळसर करड्या सालीचा असतो, लुमिना पांढरा, आणि रूज व्हिफ देतांप हा जुना फ्रेंच वाण चपटा, खोल कंगोऱ्यांचा, लालसर नारिंगी. एक नारिंगी, एक निळकरडा आणि एक पांढरा असे तीन घेतले की कार्डाला ठहराव येतो. पांढऱ्या भोपळ्याला खाचांत उबदार करडा आणि देठाजवळ पुसटसा पिवळट हिरवा द्या. एवढेच लक्षात ठेवा, की पांढऱ्या कागदावर तो हरवतो, म्हणून त्याच्यामागे रंगीत पार्श्वभूमी हवीच.

देठाकडे लोकांचे फार दुर्लक्ष होते. कोरायला वापरतात तो नारिंगी भोपळा कुकुर्बिटा पेपो जातीचा. त्याचा देठ कठीण आणि पाच कडांचा असतो. जाराडेल, लुमिना, रूज व्हिफ हे मॅक्सिमा जातीचे. त्यांचा देठ जाड, गोलसर, बुचासारखा मऊ. ठसा रेघांचा असेल तर देठाच्या कडांत उभ्या गडद रेघा आणि मधे फिकट हिरवट खाकी, एवढ्याने तो जिवंत होतो. भोपळ्याला मिळतो तितका नसला, तरी निम्मा वेळ देठाला द्या.

थरांचे ठसे वापरत असाल, म्हणजे एकाच भोपळ्याचे भरीव अंग, सावली आणि खाचा असे तीन वेगळे ठसे, तर रंगकामाची गरज नाही. शाईच्या तीन छटा लागतात. फिकट आधी, गडद शेवटी. तिघींतली सर्वांत फिकट शाईही जास्त गडद वाटली तर ठसा आधी एकदा रद्दीवर उमटवून उरलेल्या शाईने छापा. जुळवणी देठाच्या बुंध्यावरून करा, कडेवरून नको. मधला थर कडेपेक्षा मुद्दाम लहान केलेला असतो.

पाने आणि पार्श्वभूमी

शरदात पानातले हरितद्रव्य ओसरते आणि आधीपासून असलेले पिवळे-नारिंगी कॅरोटिनॉइड दिसू लागतात. लाल अँथोसायनिन मात्र बऱ्याच झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होते. रंगवतानाही तोच क्रम ठेवा: खाली पिवळा, वर नारिंगी, टोकांना लाल. हिरव्याला थेट लालाशेजारी ओला लावू नका, दोघांचा मिळून चिखल होतो. मधे पिवळ्याची पट्टी ठेवली की तेच रंग आनंदाने नांदतात.

मेपलच्या पानाचा ठसा एकाच वेळी दोन-तीन रंगांनीही भरता येतो. आधी पिवळ्या पॅडने सगळे पान, मग लहान नारिंगी पॅडने टोके. फिकट पॅडला गडद शाई लागू नये म्हणून फिकट आधी. वाळायच्या आत छापायचे असल्याने ठशावर तोंडाची वाफ सोडा. शाई पुन्हा ओलसर होते आणि छाप पूर्ण येतो.

पार्श्वभूमीसाठी भोपळे मुखवट्यांनी झाका. ब्लेंडिंग ब्रशवर शाई घ्या, आधी रद्दीवर दोन गोल फिरवा, मग कागदाच्या बाहेरून आत यायला सुरुवात करा. ब्रश थेट कागदाच्या मध्यावर टेकवला की तिथे जो गोल डाग बसतो तो निघत नाही. भोपळ्यांमागे फिकट पिवळा, बाहेर जाताना मध, कडांना गंजाचा तपकिरी. मात्र भोपळे नारिंगी असतील तर सगळीकडे नारिंगी फासू नका, भोपळे त्यात बुडतात. अशा वेळी मळकट निळा-हिरवा किंवा साधा मलई रंग फार उठाव देतो. डिस्ट्रेस ऑक्साइडसारखी पाण्याला प्रतिसाद देणारी शाई असेल तर वर पाण्याचे बारीक शिंतोडे उडवा, वीस-तीस सेकंद थांबा आणि टिपकागदाने सरळ टिपून घ्या. फिकट ठिपके उमटतात. हे शिंतोडे मार्करच्या भोपळ्यांवर पडले तर रेघांची मेमेंटो पसरेल, म्हणून मुखवटे शिंतोडे टिपून झाल्यावरच काढा.

अक्षरे आणि सोनेरी पावडर

सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाची अक्षरे वेगळ्या पट्टीवर करा. चित्रावरच करण्याचा मोह होतो, पण नुकत्याच केलेल्या पार्श्वभूमीची शाई बराच वेळ दमट राहते आणि पावडर जिथे दमटपणा तिथे बसते. तुमची पावडर बाहेर चिकटली ती याने, किंवा बोटांच्या तेलाने. पट्टी वेगळी असली की चूक झाली तर फक्त पट्टी जाते, चित्र वाचते.

पट्टीचा कागद गडद घ्या: करवंदी, गडद तपकिरी किंवा काळसर हिरवा. साधारण १६ मिमी रुंद. छापण्याआधी अँटिस्टॅटिक (कण नको तिथे चिकटू न देणाऱ्या) पावडरची पुरचुंडी सगळ्या पृष्ठावर फिरवा आणि नंतर कागदाला फक्त कडेने हात लावा. व्हर्सामार्क या चिकट, पारदर्शक शाईने ठसा छापा, लगेच सोनेरी पावडर भरपूर ओता, जादाची परत डबीत काढा, कागदाच्या मागे टिचकी मारा. उरलेले सुटे कण कोरड्या बारीक कुंचल्याने झटका. गरम केल्यावर ते काढता येत नाहीत.

हीट गन कागदापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या, मग आणा. थंड गनचा वारा पावडर उडवतो. एका टोकापासून सुरू करा. पावडर दाणेदार असते ती अचानक सपाट चकाकते, तोच क्षण. तिथून पुढे सरका, मागे येऊ नका. जास्त तापली की पावडर कागदात मुरते, चकाकी जाऊन तेलकट डाग उरतो आणि तो दुरुस्त होत नाही. कागद वाकत असेल तर उष्णता खालून द्या. पट्टी चिमट्याने धरा, वितळलेली पावडर बोटांना वाईट भाजते. पावडर वितळून थंड झाल्यावर अँटिस्टॅटिकचा पांढरट अंश मऊ कुंचल्याने पुसा.

देवनागरी अक्षरे करायची असतील तर दोन गोष्टी. साध्या पावडरचे कण जाड असतात. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘श्र’, ‘भ’ यांच्यातली बारीक पोकळी त्यांनी भरून जाते, आणि ‘कृतज्ञ’मधला ‘ज्ञ’ वाचताच येत नाही. बारीक कणांची, डिटेल म्हणून मिळणारी पावडर घ्या आणि अक्षराची उंची, मात्रा सोडून, ५ मिमीपेक्षा कमी ठेवू नका. दुसरे, शिरोरेघ. ती जराशी तिरपी झाली तरी सगळा शब्द घसरलेला दिसतो, म्हणून ठोकळ्याच्या कडेला समांतर शिरोरेघ लावा आणि तीच कड कागदाच्या कडेशी जुळवून छापा. ठसा स्वतः कोरत असाल तर अक्षरे पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने लिहा, तो कागद रबरावर पालथा ठेवा आणि मागून घासा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात आणि छापल्यावर सुलटी येतात. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांच्या मुळाशी रबर थोडे उतरते ठेवून कोरा. सरळ खोल काप दिला तर दोन-चार छापांतच टिंब तुटते.

जोडणी

सगळे वाळले की चित्र ९६ × १२८ ला कापा. रंगीत पट्टा पायावर चिकटवा, चित्र पट्ट्यावर. कार्ड धनुष्यासारखे वाकण्याची तीन कारणे असतात: एकाच बाजूला पाणीदार गोंद, थरांचे तंतू वेगवेगळ्या दिशांना, आणि हीट गनने वाळवताना निघून गेलेला ओलावा. म्हणून सपाट थरांना दुहेरी चिकटपट्टी लावा, चारही कडांना आणि मध्यावर तिरपी. थर एकाच दिशेच्या तंतूंचे कापा. चित्र वाकलेले असेल तर जोडण्याआधी स्वच्छ कागदांत धरून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. जोडल्यावर सरळ करणे जड जाते. ट्यूबमधला गोंद फक्त सुट्या कापलेल्या भोपळ्यांसाठी वापरा. तो दहा-पंधरा सेकंद सरकू देतो, तेवढ्यात जागा नीट करता येते.

उठाव हवा असेल तर पुढचा लहान भोपळा वेगळ्या कागदावर छापून, रंगवून, कापून १ मिमी फोमवर बसवा. फोमचा तुकडा फक्त कडांना नको, मध्येही हवा, नाही तर पाकिटात दाबला जाऊन भोपळ्याला खड्डा पडतो. कापलेल्या कडेवर पांढरी धार दिसते. त्याच नारिंगी मार्करची बगल कडेवरून फिरवा. अक्षरांची पट्टी भोपळ्यांच्या सावलीखाली, चित्राच्या खालच्या कडेपासून १२ ते १५ मिमी वर, एका टोकाला चित्राच्या कडेशी जुळवलेली ठेवा. मध्यभागी तरंगणारी पट्टी भोपळ्यांशी नाते जोडत नाही.

पाया गडद असेल तर आत ९६ × १२८ चा पांढरा कागद लावा, नाही तर लिहायला जागाच नाही. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान पान फिकट शाईने छापले की आतली बाजू अनाथ दिसत नाही.

ठसे काम संपताच ओल्या मायक्रोफायबर कापडाने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. फोटोपॉलिमरवर शाईचा रंग चढला तरी छाप बिघडत नाही, पण ऊन आणि अल्कोहोलचे पुसणे त्याला कडक करतात. स्टेझऑन वापरली असेल तर ती त्यावर वाळू देऊ नका.

अमेरिकेत कार्ड टपालाने पाठवायचे तर जाडी बघा. पत्र म्हणून जाणाऱ्या पाकिटाची जाडी पाव इंचापर्यंतच चालते आणि ते यंत्रातून जाताना वाकवले जाते. १ मिमी फोमचा एक थर सहज जातो. मणी, जाड बटण किंवा सुतळीची गाठ अडकते. चौरस पाकिटाला जादा शुल्क पडते, कारण लांबी उंचीच्या १.३ पटीहून कमी असलेले पाकीट यंत्राच्या नियमात बसत नाही. ए-टूचे पाकीट पावणेसहा बाय ४.३७५ इंचांचे, त्याचे प्रमाण १.३१ येते, म्हणजे ते काठावर पास होते. पाकिटात घालण्याआधी कार्ड एक दिवस उघडे वाळू द्या आणि सोनेरी अक्षरांवर पातळ टिश्यू ठेवा. उन्हात तापलेल्या टपालपेटीत वितळलेली पावडर पुन्हा मऊ होऊन पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटू शकते.